व्यावसायिक मराठी लेखनातील विरामचिन्हे, नामनिर्देश व अंकलेखन

व्यावसायिक लेखनाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने शब्दयोजना आणि शुद्धलेखन यांकडे जाते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम व १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर यांचा भरही अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा बाबींवरच आहे. स्वल्पविराम कोठे द्यावा, रक्कम कशी लिहावी, विशेषनाम कसे ओळखू यावे, हे प्रश्न लिपिकाच्या सवयीवर सोडले जातात. वस्तुतः ठराव, निविदा, देयक आणि धनादेश यांमध्ये अर्थाचा व पैशाचा घोळ होतो तो बहुधा येथेच. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे.

मराठीचा जुना दफ्तरी व्यवहार मोडी लिपीत चाले. आधी सलग रेघ ओढावयाची, मग तिला अक्षरे लटकवावयाची. शब्द तोडण्याची चाल नव्हती आणि विरामचिन्हेही नव्हती. तरीही त्या व्यवहारात शिस्त नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. विरामाचे काम ‘ऐसीयासी’, ‘तरी’, ‘म्हणोन’, ‘कळावे’ यांसारखे ठरीव शब्द करीत, आणि पत्र जेथे संपले तेथे मर्यादा मुद्रा उमटे. तिच्यापुढे कोणी काही वाढवू नये हा तिचा हेतू. आज धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ लिहितो त्यामागे हीच दक्षता आहे.

आजची विरामचिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून आली. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहून ती मराठीत रूढ करण्यास हातभार लावला. हिंदीने वाक्यान्ती दंड राखला, मराठी गद्याने टिंब स्वीकारले. येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. जुन्या हिशेबात पाव, अर्धा व पाऊण हे अनुक्रमे एक, दोन व तीन उभ्या रेघांनी दाखवीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती येईपर्यंत चार आणे, आठ आणे व बारा आणे मांडण्यास ह्याच रेघा उपयोगी पडत. जमाखर्चाच्या कागदावर वाक्यही दंडानेच संपविले असते, तर रकमेपुढची रेघ पूर्णविराम की पावली, हा प्रश्न पडलाच असता.

स्वल्पविरामाचे मोल आपल्याच व्यवहारातील एका वाक्यावरून पाहू. ‘पाच वर्षे सेवा झालेले शिक्षक व लिपिक यांना अग्रिम देण्यात यावा.’ पाच वर्षांची अट लिपिकांना लागू आहे काय? वाक्य दोन्ही अर्थ देते, आणि लेखापरीक्षक त्यांतील अडचणीचा अर्थ घेतो. ‘पाच वर्षे सेवा झालेले शिक्षक, तसेच सर्व लिपिक’ असे लिहिल्यास वाद उरत नाही. मात्र केवळ चिन्हावर विसंबू नये. टंकलेखनात स्वल्पविराम गळतो. ‘तसेच सर्व’ हे शब्द सहसा गळत नाहीत.

देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. इंग्रजीत विशेषनाम पहिल्या अक्षरावरूनच ओळखू येते. मराठीत ते काम शब्द तोडण्यावर किंवा जोडण्यावर येऊन पडते. मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडचेच उदाहरण घ्या. ‘पूर्णगडाची डागडुजी’ म्हणजे त्या नावाच्या किल्ल्याची, कितीही थोडी असली तरी. ‘पूर्ण गडाची डागडुजी’ म्हणजे कोणत्याही गडाची, परंतु संपूर्ण. एका मोकळ्या जागेने अंदाजपत्रक कितीतरी पटींनी बदलेल. यावर उपाय साधे आहेत : प्रथम उल्लेखी ‘पूर्णगड किल्ला’ असे जातिवाचक नाम जोडावे, ओळीच्या शेवटी हे नाव तोडू नये, आणि व्यक्तिनामापूर्वी श्री. अथवा श्रीमती लिहावे. अन्यथा ‘किरण’, ‘सागर’, ‘आशा’ ही नावे वाक्यात हरवतात. उलट आपले विद्यार्थी इंग्रजी पत्रात प्रत्येक पदनाम मोठ्या अक्षराने लिहितात. मराठीतील आदरार्थी बहुवचन ते जणू मोठ्या अक्षरात उतरवितात! इंग्रजीचा प्रचलित संकेत पदनाम व्यक्तीच्या नावापूर्वी आले तरच मोठे अक्षर घेण्याकडे झुकतो, हे त्यांना सांगावयास हवे.

अपूर्णविराम व विसर्ग यांची गल्लत तर सार्वत्रिक आहे. ‘दुःख’, ‘स्वतः’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित होतो. डोळ्याला फरक दिसत नाही. परंतु युनिकोडमध्ये ही दोन स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे संगणकावरील शोधात तो शब्द सापडत नाही. ‘विषय’ या शब्दाला अपूर्णविराम चिकटवून लिहिल्यास तो संस्कृत प्रथमान्त भासतो, म्हणून मध्ये जागा सोडावी. संक्षेपासाठी टिंबाऐवजी शून्य लिहिण्याची जुनी छापील रीत (‘ता० ५’) अंकांच्या शेजारी धोक्याची आहे, ती सोडलेली बरी.

अंकलेखनात पहिला प्रश्न गटांचा. आपण उजवीकडून पहिले तीन आणि पुढे दोन-दोन अंकांचे गट करतो : १२,५०,०००. परदेशी गिऱ्हाईक हीच रक्कम १,२५०,००० अशी वाचते, आणि जर्मनीत तर स्वल्पविराम दशांशचिन्हाचे काम करतो. हापूस परदेशी पाठविणाऱ्याने देयकावर चलनाचे नाव व अक्षरी रक्कम दोन्ही द्यावीत. एकाच कागदावर देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंक मिसळू नयेत. हस्तलेखनात देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय नऊ परस्परांसारखे दिसतात.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंकी व अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. त्यामुळे ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील भेद हा केवळ पाठांतराचा विषय राहत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस सात’ अशा वाचनावरून मोठा वाद झाला, तेव्हा ही बाजू फारशी चर्चेत आली नाही.

शेवटी संयोगचिन्हाविषयी. ‘दहा-बारा पेट्या’ हा बोलण्यातला अंदाज आहे. ‘१० ते १२ पेट्या’ ही मर्यादा आहे. मागणीपत्रात पहिला प्रयोग टाळावा, कारण तेरावी पेटी आल्यास ती नाकारण्याचा आधार त्यात मिळत नाही. दिनांकात महिना अक्षरी लिहावा. ०५/०६ हे आपल्याकडे पाच जून, तर अमेरिकेत सहा मे ठरते.