डोलकाठीचा तडा कसा सांधतात?

एकदोन माणसे बसतील अशा शिडाच्या काही छोट्या होड्यांची डोलकाठी दोरांनी ताणून बांधलेली नसते. तिचा बुंधा होडीच्या तळाशी एका खोबणीत बसवलेला असतो आणि डेकमधील भोकातून काठी वर येते. शिडात वारा भरला की ती वेताच्या छडीसारखी वाकते. झोत ओसरला की पुन्हा सरळ होते. पूर्वी हे काम लाकूड करी. पुढे अॅल्युमिनियम आणि फायबरग्लास आले.

समजा, अशा एका फायबरग्लासच्या पोकळ काठीवर, डेकच्या जरा वर, केसासारखी बारीक आडवी रेघ दिसली. नख फिरवले तर ते अडकते. किनारा दूर असताना काठी मोडली, तर शीड पाण्यात आणि होडी वाऱ्याच्या मर्जीवर! मग या रेघेवर नुसता चिकट द्रव फासून भागेल का? उत्तर शोधण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहू.

तडा तेथेच का?

डोलकाठी म्हणजे एक लांब तरफ. वाऱ्याचे एकूण बल २०० न्यूटन असून ते डेकपासून २ मीटर उंचीवर लागते असे धरा. डेकपाशी त्याचे आघूर्ण २०० × २ = ४०० न्यूटन-मीटर होते. वर जावे तसे हे आघूर्ण कमी होते. म्हणून काठीची खरी परीक्षा डेकपाशी असते.

वाकताना काठीची वाऱ्याकडील बाजू ताणली जाते, विरुद्ध बाजू दाबली जाते आणि मधल्या अक्षावर जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून तर काठी पोकळ ठेवता येते! बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ३ मिलिमीटर असेल, तर वरील आघूर्णामुळे बाहेरच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० न्यूटन ताण येतो. धडधाकट फायबरग्लास तो सहज पेलते. पण तडा पडल्यावर?

रेघ छोटी, अनर्थ मोठा

इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये एक महत्त्वाचे गणित मांडले. ताणलेल्या पत्र्यात लंबवर्तुळाकार भोक असेल, तर त्याच्या टोकापाशी ताण (१ + २ × लांबी ÷ रुंदी) पट होतो. येथे लांबी म्हणजे ताणाच्या दिशेला आडवे असलेले माप. गोल भोकापाशी ताण तिप्पट होतो. भोक रुंदीच्या दहापट लांब असेल, तर तो एकवीसपट! बारीक तडा म्हणजे अतिशय चिंचोळे भोकच. कागदाची पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहा आणि मग कडेला कात्रीने छोटी चीर देऊन पुन्हा ओढा. फरक लगेच कळेल.

१९२१ मध्ये ग्रिफिथ या दुसऱ्या ब्रिटिश अभियंत्याने काचेचे धागे ओढून तोडले. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा धागा दर चौरस मिलिमीटरला १७० न्यूटनच्या आसपास तुटला. ३ मायक्रॉनच्या आसपास जाडीचा धागा मात्र सुमारे ३,४०० न्यूटनपर्यंत टिकला. काच तीच, पण बळ वीसपट! जाड काचेत मोठे दोष राहू शकतात, बारीक तंतूत त्यांना जागाच नसते. असे हजारो तंतू रेझिनमध्ये बसवले की फायबरग्लास तयार होते. एक तंतू तुटला तर त्याचा भार रेझिनमार्फत शेजाऱ्यांवर जातो. पण तड्यात तंतूच तुटलेले असतील, तर वरून ओतलेले रेझिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. फट बुजते, बळ परत येत नाही.

सांधण्याची रीत

प्रथम नुकसान किती पसरले ते पाहतात. नाण्याने काठीवर हलके ठोकत गेले, की चांगल्या जागी खणखणीत आणि थर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. मग गोड्या पाण्याने मीठ धुऊन काठी पूर्ण वाळवतात.

यानंतर तड्याच्या दोन्ही बाजूंना भिंत तिरपी घासतात, पेन्सिलीला टोक काढावे तशी. उतार साधारण १२ ला १ ठेवतात. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीसाठी ३६ मिलिमीटर लांबी. एवढा लांब का? नवे थर जुन्यांना केवळ रेझिनने चिकटतात, आणि रेझिन तंतूंपेक्षा फारच दुबळे. उतारामुळे चिकटण्याचे क्षेत्रफळ भिंतीच्या छेदाच्या सुमारे बारापट होते. ८० न्यूटनचा ताण त्यावर वाटला गेला, की थरांना एकमेकांवरून घसरवू पाहणारे बल दर चौरस मिलिमीटरला ७ न्यूटनच्या आसपास उरते. हे रेझिनला झेपते.

तडा आरपार असेल तर आत फायबरग्लासची नळीही बसवतात. तिची टोके निमुळती हवीत. नळी एकदम संपली तर ताठ भाग आणि लवचिक भाग यांच्या सीमेवर ताण साचतो आणि नवा तडा तेथे पडतो. ठिगळ अवाजवी जाड केले तरी तेच होते.

आता इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर डब्यावरील प्रमाणात अचूक मोजून मिसळतात. ‘थोडे जास्त हार्डनर घातले की लवकर वाळेल’ हा समज चुकीचा आहे. हार्डनरचे रेणू रेझिनच्या रेणूंना जोडून जाळे विणतात. जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही आणि जाळे कमकुवत राहते. या क्रियेत उष्णता निघते. खोल भांड्यात ती साठून मिश्रण तापते, म्हणून ते थोडेथोडे आणि पसरट भांड्यात घ्यावे.

काचेच्या कापडाचे बहुतेक तंतू काठीच्या लांबीच्या दिशेने ठेवतात, कारण ताण त्याच दिशेने आहे. प्रत्येक थर रेझिनने भिजवून जास्तीचे रेझिन पिळून काढतात. शेवटी घासून गुळगुळीत करतात आणि रंग देतात. कारण उन्हातील अतिनील किरण इपॉक्सीला खराब करतात.

एक सूचना: काचतंतूंची धूळ फुप्फुसांना आणि रेझिन त्वचेला घातक आहे. मास्क, हातमोजे आणि जाणत्या माणसाची देखरेख यांशिवाय हे काम करू नये.

भरवसा कधी ठेवावा?

काठी समुद्रात नेण्याआधी जमिनीवर तपासता येते. तिची दोन्ही टोके आधारावर ठेवा, सांध्याजवळ वाळूची पिशवी टांगा आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक वेळी काठी किती झुकली ते मोजा. वजन आणि झुकाव यांचा आलेख काढा. तो सरळ रेषेत आला आणि वजन काढताच काठी मूळ जागी आली, तर सांधा नीट बसला आहे. मग काठी फिरवून दुसऱ्या बाजूनेही तपासा. आलेख मध्येच वाकला, तडतड ऐकू आली किंवा पांढरट डाग उमटला, तर तंतू तुटत आहेत, थर सुटत आहेत असे समजावे. अशी काठी बाजूलाच ठेवावी.

कोकण किनाऱ्यावरील फायबरग्लासच्या मासेमारी होड्या असोत की ग्लायडरचे पंख, दुरुस्तीचे तत्त्व हेच. घरी तुटलेली पट्टी किंवा बॅट तुम्ही चिकटवाल, तेव्हा एक सांधा सरळ कापून आणि दुसरा तिरपा कापून करून पाहा. कोणता आधी सुटतो, आणि का, हे वर्गात सांगा.