पद्मिनीचा बसलेला आवाज

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सी-स्टँडवरून प्रीमियर पद्मिनी गेली. हौशी मालकांच्या घरच्या मात्र टिकून आहेत, रविवारी कव्हर काढून फिरवल्या जातात, आणि त्यातली एखादी नाक्यावर वळायच्या आधीच ऐकू येते. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं इंजिन अवघं १,०८९ सीसीचं. ते ट्रकसारखं गुरगुरायला लागलं, की सायलेन्सर फुटलाय असं समजायचं.

फुटतो तो बहुधा आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. गाडी लांब पळाली तर सायलेन्सर तापून कोरडा होतो. भाजी आणून परत उभी केली, तर वाफेचं पाणी आतच साचतं आणि पत्रा खातं. म्हणजे जपून, कमी चालवलेल्या गाडीचाच सायलेन्सर आधी जातो. मालकाला हे पटवणं कठीण!

जाणता मेकॅनिक नवा सायलेन्सर मागवण्याआधी गळती शोधतो. गाडी उघड्यावर आणि थंड असताना सुरू करायची (बंद गॅरेजमध्ये हा धूर जीव घेतो). एकाने जाड ओल्या फडक्याने मागचं तोंड क्षणभर दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटपासून मागे कान देत यायचं. फुसफुस येते तिथे भोक. इंजिनाशी टिकटिक होऊन गाडी तापल्यावर थांबली, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते. ही टिकटिक टॅपेटची समजून तिथेच पाने फिरवत बसणारे कमी नाहीत.

गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंगचं ठिगळ फार दिवस पुरत नाही. कधी ज्योत लागताच भोक मोठं होतं.

खरी पंचाईत हौसेने सरळ नळी बसवलेल्यांची. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं आणि त्या आवाजाने अख्खी गाडी घुमते. काचेची लोकर भरलेला सायलेन्सर कर्कश आवाज शोषतो, ही घुमघुम नाही. तिच्यावर बंद टोकाची आडनळी चालते: टोकावर आपटून परतलेली लाट मूळ लाटेला मारते. पण तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे लाटेच्या पाव लांबीची ही नळी हवी सव्वा मीटर. एवढी जागा पद्मिनीच्या पोटाखाली कुठून काढणार? त्यापेक्षा जुन्या मापाचा, आत कप्पे असलेला सायलेन्सर परत चढवणं सोपं.

तो चढवूनही घुमत असेल, तर खाली वाकून टांगायची रबरं बघावीत. एखादं तुटून नळी बॉडीला टेकलेली असते.