वर्गासाठी साहित्य शोधताय? गुगलला पाठ्यपुस्तकातली मराठी द्या

उद्या वर्गात लसावि शिकवायचा आहे आणि सरावासाठी एक-दोन पानं हवी आहेत. ‘गणित वर्कशीट’ असं सर्च केलं की समोर येतात हिंदी पानं, जाहिरातींनी भरलेल्या साइट्स आणि पाच-सहा खोटी ‘डाउनलोड’ बटणं. अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. अनेक शिक्षक मला म्हणतात, ‘नेटवर मराठीत काही नाहीच हो.’ माझं मत थोडं वेगळं आहे. साहित्य कमी आहे हे खरं, पण जे आहे तेही आपल्या शब्दांमुळे सापडत नाही.

हिंदी पानंच का येतात?

मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी. ‘गणित’, ‘विज्ञान’, ‘प्रश्न’ हे शब्दही दोन्हींकडे सारखेच. हिंदी पानांची संख्या जास्त, म्हणून तीच वर येतात. उपाय सोपा आहे : फक्त मराठीतच चालणारा शब्द टाका. ‘कक्षा’ नाही, ‘इयत्ता’. हिंदीत ज्याला ‘भिन्न’ म्हणतात त्याला आपण ‘अपूर्णांक’ म्हणतो. ‘लसावि’ आणि ‘मसावि’ तर पक्के मराठी. हिंदीत ‘लघुत्तम समापवर्त्य’ असं असतं. ‘इयत्ता सहावी लसावि मसावि उदाहरणे’ एवढं टाकून बघा, फरक लगेच दिसेल.

शब्द जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे शोधा. कुणी ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहितं, कुणी ‘प्रकाश संश्लेषण’.

डोळ्यांना दिसतं, गुगलला दिसत नाही

ही अडचण फार कमी जणांना माहीत असते. जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणं बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, युनिकोडमध्ये नाही. पीडीएफ उघडली की छान मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. तुम्ही देवनागरीत शोधलंत तर ती फाइल जुळणार कशी?

खात्री करायची असेल तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आला, तर फॉन्ट जुना आहे. ओळ सिलेक्टच झाली नाही, तर ते पान स्कॅन केलेलं आहे. अशा फाइल्स शोधताना मी इयत्ता, विषय आणि ‘मराठी मीडियम’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतो, कारण फाइलचं नाव बहुतेक वेळा इंग्रजीत दिलेलं असतं.

चाळणी लावा

गुगलवर ‘ॲडव्हान्स्ड सर्च’ असं शोधा. एक फॉर्म उघडतो. त्यातले चार रकाने शिक्षकांच्या कामाचे :

1. नेमके शब्द : पाठाचं नाव जसंच्या तसं टाका. साध्या सर्चमध्ये हेच काम दुहेरी अवतरण चिन्हांनी होतं.
2. नको असलेले शब्द : इथे ‘कक्षा’ टाका, बरीच हिंदी पानं गळतील. साध्या सर्चमध्ये शब्दाला चिकटून आधी वजाचं चिन्ह द्या.
3. फाइलचा प्रकार : पीडीएफ निवडलं की छापता येतील अशी पानं मिळतात. पीपीटी निवडलं की स्लाइड्स.
4. वापराचे हक्क : चित्रं आणि फोटो शोधताना हा रकाना सोडू नका.

आधी इथे बघा

गुगलकडे जाण्याआधी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन करा. केंद्र सरकारचा हा उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला आणि त्यावरचं साहित्य पाठानुसार लावलेलं असतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या साइटवर मोफत मिळतात. संकल्पनेची खात्री करायला मराठी विश्वकोश आहेच. विज्ञान-गणिताच्या प्रयोगांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ बघा. त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालतात. शाळेत रेंज नसेल तर हे सोन्यासारखं.

वर्गात नेण्याआधी

अभ्यासक्रम बदलतो, पण नेटवरची जुनी पानं तशीच राहतात. म्हणून पाठाचा क्रमांक आणि व्याख्या हातातल्या पुस्तकाशी ताडून बघा. बालभारतीच्या पुस्तकात ‘प्रथमावृत्ती’ पुढे वर्ष छापलेलं असतं, ते जुळवा. उत्तरसूची स्वतः एकदा सोडवून पाहा. चुकलेलं उत्तर फळ्यावर गेलं की ते चाळीस वह्यांत उतरतं आणि मग पुसणं अवघड जातं.

कॉपीराइटचंही भान हवं. 1957 च्या कायद्यातलं कलम 52 शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात प्रत काढायला सूट देतं. तेच पान स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकताना ही सूट गृहीत धरू नका. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचं साहित्य वापरा आणि मूळ कर्त्याचं नाव द्या.

शेवटी एक छोटं काम. तुम्ही स्वतः सरावपत्रिका बनवता ना? पुढची युनिकोडमध्ये टाइप करा आणि फाइलच्या नावात इयत्ता, विषय, पाठ लिहा. ती नेटवर ठेवलीत, तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या बाईंना लसावि शोधताना तुमचंच पान सापडेल.