ब्राउझर किती ग्राफिक्स मेमरी खातो? असे मोजा

परंड्याच्या भुईकोट किल्ल्याचा ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो मोबाइलमध्ये जेमतेम ३-४ एमबी जागा घेतो. ब्राउझरने तोच पूर्ण आकारात उलगडला, की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने ४८ एमबी मेमरी लागते.

● विंडोज : टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा. 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड जीपीयू मेमरी' हे रकाने निवडा.

● क्रोम : विंडोज व लिनक्सवर शिफ्ट + एस्केप दाबा, मॅकवर 'विंडो' मेनूतून टास्क मॅनेजर उघडा. 'जीपीयू मेमरी' हा रकाना जोडा.

● फायरफॉक्स : पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:मेमरी' इंग्रजीत लिहा आणि 'मेजर' दाबा.

● लिनक्स : एनव्हिडिया कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा द्या.

लक्षात ठेवा : वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ही मेमरी रॅममधूनच जाते. त्यामुळे दोन वेगळ्या संगणकांचे आकडे थेट ताडून पाहू नका. एकाच संगणकावर पान उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोजा. त्यातला फरकच उपयोगाचा.