कांद्याचा प्रवास : शेतापासून ग्राहकाच्या पिशवीपर्यंत

चैत्र-वैशाखात निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांतून जाणाऱ्या प्रवाशास शेताशेतांत उन्हाळ कांद्याच्या काढणीची धांदल दिसते. चार महिने राखलेले पीक वावरात पसरलेले असते आणि ते आता कोठे व केव्हा विकावे, हा एकच विचार शेतकऱ्याच्या मनात घोळत असतो. त्याच सुमारास एखादा नातेवाईक मुंबईहून येतो व तेथील किरकोळ दर सांगतो. लासलगावास मिळालेला भाव आणि मुंबईतील दर यांमधील अंतर ऐकून शेतकऱ्याचे मन विषण्ण होते. "पिकवायचे आम्ही आणि खायचे मधल्यांनी," असे उद्गार त्याच्या तोंडून सहजच निघतात.

हे उद्गार निराधार आहेत असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासपत्रातील अंदाजाप्रमाणे ग्राहक कांद्यासाठी जो एक रुपया मोजतो, त्यातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. टोमॅटोच्या बाबतीत हे प्रमाण ३३ पैसे व बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे आहे. कांद्याच्या रुपयातील उरलेले ६४ पैसे कोठे जातात, ते कोणत्या कामाचा मोबदला म्हणून जातात आणि त्यांतील काही भाग शेतकऱ्यास आपल्याकडे राखता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुना बाजार व नियंत्रित बाजार

एके काळी शेतमालाचा सौदा रुमालाखाली होत असे. दलाल व व्यापारी रुमालाच्या आड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्यास काही कळत नसे. यासच हत्ता पद्धत म्हणत. शिवाय वजनात कडता कापला जाई व धर्मादायाच्या नावाखाली निरनिराळ्या पट्ट्या वसूल होत. या गैरप्रकारांस आळा घालण्याचा आपल्याकडील पहिला प्रयत्न वऱ्हाडात झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये व महाराष्ट्र राज्यात १९६३ मध्ये त्यासंबंधीचे कायदे झाले. लासलगावची बाजार समिती १९४७ पासून काम करीत आहे.

उघडा लिलाव, प्रमाणित काटा व लेखी हिशेब या तीन गोष्टी शेतकऱ्यास या व्यवस्थेने दिल्या. २०१६ पासून फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याची तरतूदही झाली. तथापि, खरेदीदार बोली लावताना हा खर्च मनात धरूनच बोली लावतो, हे विसरता कामा नये. खर्च कोणाच्या नावे लिहिला यापेक्षा तो मुळात किती आहे, हे अधिक महत्त्वाचे होय.

कांदा किती हातांतून जातो ?

आता एका ट्रॉलीभर कांद्याच्या मागोमाग जाऊ या. सकाळी ट्रॉली बाजार आवारात रांगेस लागते. व्यापारी ट्रॉलीवरील माल हाताने चाळून पाहतात, लिलाव पुकारला जातो व चढ्या बोलीवर सौदा तुटतो. सौदापट्टी हाती आल्यावर भरल्या ट्रॉलीचे वजन होते. नंतर ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते, रिकाम्या ट्रॉलीचे पुन्हा वजन होते व हिशेब केला जातो. शेतकऱ्याचा संबंध येथे संपतो. कांद्याचा प्रवास मात्र येथेच सुरू होतो.

खळ्यावर मजूर स्त्रिया कांदा निवडतात. मोठा, मध्यम व गोल्टी असे आकार वेगळे होतात. जोड कांदा, डेंगळे, साल गेलेला चोपडा व सडका माल बाजूला काढला जातो. निवडलेला माल जाळीच्या गोण्यांत भरून काट्यावर तोलला जातो व मालमोटारीने किंवा आगगाडीने दूरच्या पेठांकडे रवाना होतो. मुंबईसाठी निघालेला माल वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात येतो. तेथे माथाडी कामगार तो उतरवितात. त्यांच्या मजुरीस व कल्याणास १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण आहे. अडत्या तो माल उपनगरांतील विक्रेत्यांस विकतो. ते टेम्पो करून तो आपापल्या मंडईत नेतात, आणि तेथून भाजीवाला एक-दोन गोण्या आपल्या हातगाडीवर घेतो.

या साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे हा भाजीवाला. तोच सर्वांत अधिक नफा घेतो असा सार्वत्रिक समज आहे. त्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, त्याने ५० किलोंची गोणी २० रुपये किलो दराने १,००० रुपयांस घेतली. हमाली व वाहतूक यांस १०० रुपये लागले. गोणीतून सडका, कोंब आलेला व वजनात घटलेला मिळून ५ किलो माल वजा झाला. राहिलेले ४५ किलो त्याने ३० रुपये दराने विकले, तर १,३५० रुपये आले. खरेदी व विक्री यांच्या दरांत निमपट अंतर दिसते. पण त्याच्या हाती राहिले २५० रुपये, आणि तेही रस्त्यावर दिवसभर उन्हात उभे राहून. गिऱ्हाईकास अर्धा किलो, पाव किलो कांदा घराजवळ मिळावा, या सोयीची ही किंमत आहे.

मध्यस्थाचे काम मध्यस्थाबरोबर जात नाही

वरील वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कांदा ज्या ज्या हातांतून जातो, त्या बहुतेक हातांकडून काही ना काही काम होते : निवडणे, भरणे, वाहणे, साठविणे, पैसे गुंतविणे, सडण्याचा व भाव पडण्याचा धोका सोसणे, थोडे थोडे करून विकणे. एखादा मध्यस्थ वगळता येतो. त्याचे काम मात्र वगळता येत नाही. ते दुसऱ्या कोणास तरी करावेच लागते. म्हणून शेतकऱ्याने स्वतःस विचारावयाचा प्रश्न असा : यांपैकी कोणते काम मी, किंवा आम्ही दहा-वीस जण मिळून, आज होते त्यापेक्षा कमी खर्चात किंवा अधिक चांगल्या रीतीने करू शकू ? जे काम करता येईल, त्याचे पैसे आपले होतील. जे करता येणार नाही, त्याचे पैसे दुसऱ्याने घेतले याचा विषाद मानण्याचे कारण नाही. मात्र जेथे काहीही काम न होता माल केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन महाग होतो, किंवा खरेदीदार थोडे असल्याने बोली मुद्दाम दाबली जाते, तेथे तक्रार करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे व ती बाजार समितीकडे लेखी करावी.

शेतकऱ्यास हाती घेता येण्याजोगी कामे

यांपैकी पहिले व सर्वांत सोपे काम प्रतवारीचे. सुमारे निम्म्या पिकाच्या माना पडल्यावर काढणी करावी. काढलेला कांदा शेतात पातीसह, पातीनेच झाकून, तीन-चार दिवस सुकवावा. नंतर तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व कांदा सावलीत सुकू द्यावा. बाजारास नेण्यापूर्वी जोड, डेंगळे व गोल्टी वेगळी करावी. ट्रॉलीत वर चांगला व खाली हलका माल भरण्याने फायदा होत नाही. खळ्यावर तो उघडकीस येतो, हिशेबाच्या वेळी वाद होतो व पुढील खेपेस त्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर बोली जपूनच लागते.

दुसरे काम साठवणीचे. एन-२-४-१ सारख्या उन्हाळी वाणांचा कांदा हवेशीर चाळीत काही महिने टिकतो. चाळीस खालून व बाजूंनी वारा मिळावा आणि कांद्याच्या थराची उंची पाच फुटांपेक्षा अधिक नसावी. परंतु साठवण म्हणजे हमखास नफा नव्हे. समजा, एप्रिलमध्ये १,२०० रुपये क्विंटल भाव असताना १०० क्विंटल कांदा चाळीत ठेवला. त्या दिवशी त्याचे १,२०,००० रुपये झाले असते. पाच महिन्यांत सड व घट मिळून ३० टक्के वजन कमी झाले, तर ७० क्विंटल राहिले. चाळीचा खर्च व निवडण्याची मजुरी १०,५०० रुपये धरली, तर सप्टेंबरात निदान १,८६५ रुपये क्विंटल भाव मिळाला तरच एप्रिलची बरोबरी होते. यात पाच महिने अडकलेल्या पैशाचे व्याज धरलेले नाही. हे आकडे प्रत्येकाने आपल्या चाळीप्रमाणे बदलून घ्यावेत. त्यावरून सारा माल एकाच दिवशी विकण्यापेक्षा, आणि सारा माल साठविण्यापेक्षाही, तो तीन-चार टप्प्यांत विकणे अधिक सुरक्षित का, हे समजून येईल.

तिसरे काम थेट विक्रीचे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले व शहरांतील ग्राहकांस शेतकऱ्याकडून माल घेण्याची सोय झाली. ज्याचे शेत शहरालगत आहे व ज्याच्या घरी विक्रीस बसणारे माणूस आहे, त्यास हा मार्ग लाभदायक ठरतो. तथापि, १०० क्विंटल कांदा किलोकिलोने विकणे एका कुटुंबास शक्य नाही. वाहनाचे भाडे व घरच्या माणसाचा दिवस हाही खर्चच होय. तो हिशेबात धरावा.

चौथे काम एकत्र विक्रीचे. एकट्या शेतकऱ्याची ट्रॉली दूरच्या पेठेस परवडत नाही. पंधरा जणांचा एका प्रतीचा माल मालमोटार भरू शकतो. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची सोय झाली आहे. नाशिक जिल्ह्यातच मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स या नावाने शेतकऱ्यांनी द्राक्षांची निर्यात व टोमॅटोची प्रक्रिया ही कामे आपल्या हाती घेतली आहेत. दुधाच्या धंद्यात हा मार्ग फार पूर्वी सिद्ध झाला. १९४६ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्याचा व १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ स्थापन झाला. या संघांनी गावोगाव दूध गोळा करणे, त्याची प्रत तपासणे, ते थंड ठेवणे व शहरात पोहोचविणे ही कामे उत्पादकांच्या मालकीची केली. त्यांना यश आले ते व्यापाऱ्यास नावे ठेवून नव्हे, तर व्यापाऱ्याचे काम अंगावर घेऊन. कांद्याचे पीक मात्र हंगामी आहे व त्याचा भाव वर्षभर स्थिर राहत नाही. म्हणून कांदा उत्पादकांच्या संस्थेस खेळते भांडवल व चोख हिशेब यांची गरज अधिक लागते.

सर्व भिस्त एका वाटेवर नको

कोणतीही एक वाट कायम उघडी राहील असे गृहीत धरू नये. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याची निर्यात बंद केली व ती ४ मे २०२४ रोजी पुन्हा खुली झाली. या पाच महिन्यांत ज्यांनी केवळ निर्यातीच्या भरवशावर माल धरला होता, त्यांचा हिशेब चुकला. ज्यांच्याजवळ लिलाव, साठवण, संस्था व थेट ग्राहक यांपैकी दोन-तीन वाटा होत्या, त्यांना निवड करण्यास निदान वाव राहिला.

शेवटी एक लहानशी सूचना. प्रत्येक शेतकऱ्याने विक्रीची स्वतंत्र वही ठेवावी. तारीख, प्रत, वजन, भाव, वाहतूक, हमाली व हाती आलेली निव्वळ रक्कम या बाबी तीत लिहाव्यात आणि हिशेबपट्ट्या टाचून ठेवाव्यात. दोन हंगामांची वही समोर असली, म्हणजे कोणत्या हातास आपण किती पैसे देतो व त्याबद्दल कोणते काम मिळते, हे आपोआप स्पष्ट होईल. गावातील दहा जणांनी आपापल्या वह्या घेऊन चावडीवर एकत्र बसावे. पुढील हंगामात कोणते काम आपण मिळून हाती घ्यावे, याचे उत्तर त्या वह्यांतूनच मिळेल. शेतात राबून उत्तम कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या विक्रीची विद्या अवघड वाटण्याचे काहीच कारण नाही.