‘आरएक्स 100’ पाळायची तर आधी ऑइल, हवा अन् ब्रेक, रंग-सायलेन्सर नंतर

धाराशिव : स्पोर्ट्स कार पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर. आपल्या जिल्ह्यात वेगाची हौस अजूनही भागवली जाते ती यामाहा आरएक्स 100 वर. 1985 ला बाजारात आलेली ही गाडी 1996 ला बंद झाली. तरी उमरगा असो की परंडा, तिचा आवाज कानावर पडला की माणसं मान वळवून बघतात. वडिलांच्या काळातली, शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी बाहेर काढून तयार करायची, हे आता बऱ्याच पोरांचं स्वप्न आहे.

अडचण पुढे येते. पैसा जातो तो रंग, क्रोम, स्टिकर आणि आवाजाच्या सायलेन्सरवर. दोन-चार महिन्यांत पिस्टन जाम होतो आणि नव्यानं केलेली गाडी टेम्पोत घालून आणावी लागते. त्याहून वाईट म्हणजे इंजिन चांगलं पळतं, पण ब्रेक तीस वर्षांपूर्वीचेच राहतात. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम 103 किलो, म्हणून ही गाडी उसळी मारून निघते. थांबवायला मात्र पुढं-मागं दोन्हीकडं साधे ड्रम ब्रेकच आहेत. धुळे-सोलापूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. तिथं हा हिशोब जिवावर बेतू शकतो.

गॅरेज पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या गावात मालकालाच थोडं काम आलं पाहिजे. त्यातलं काय घरी करायचं, काय मिस्त्रीकडं द्यायचं आणि पार्ट घेताना काय बघायचं, ते असं.

पहिला प्रश्न : ऑइल पंप चालू आहे का?

आरएक्स टू-स्ट्रोक आहे. तिच्या पिस्टनला आणि क्रँकला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलमधून. कंपनीनं त्यासाठी वेगळी ऑइल टाकी आणि पंप दिला होता. पंप बिघडल्यावर बऱ्याच गाड्यांचा तो बंद करून टाकला गेला आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायची सवय पडली. जुनी गाडी घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो ऑइलची टाकी भरलेली बघतो, पेट्रोल साधं टाकतो, आणि काही किलोमीटरवर इंजिन धरतं.

म्हणून गाडी घेतानाच विचारा आणि स्वतः तपासा. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी जागेवर आहे का, टाकीतलं ऑइल वापरानं कमी होतं का, हे बघा. खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालवा. 40 ला 1 हे प्रमाण धरलं तर एका लिटरला 25 मिली ऑइल लागतं. अंदाजानं ओतू नका. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा.

पंप चालू असेल तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑइलची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते. नुसती टाकी भरून भागत नाही, पंपावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हवा बाहेर काढावी लागते. दुसरं, ॲक्सिलेटरची केबल बदलली की पंपावरची खूण जुळते का ते बघायचं. ती जुळली नाही तर ऑइल कमी जातं.

पेट्रोलमध्ये फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल टाकू नका. डब्यावर टू-टी आणि जासो एफसी किंवा एफडी असा दर्जा लिहिलेला बघून घ्या. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. तिथं क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्यानं मोटारसायकलला चालणारंच ऑइल हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

घाट उतरताना

येरमाळ्याचा किंवा तुळजापूरचा घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडायची सवय टू-स्ट्रोकला मारक आहे. पेट्रोल कमी जातं म्हणजे त्याच्याबरोबरचं ऑइलही कमी जातं, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत असतं. अधूनमधून हलका ॲक्सिलेटर द्या. चालता चालता ताकद एकदम कमी झाली, इंजिन ओढल्यासारखं वाटलं, तर लगेच क्लच दाबा. पिस्टन जाम होऊन मागचं चाक लॉक झालं तर गाडी घसरते. गार झाल्याशिवाय किक मारू नका.

हवा : फिल्टर काढला की पिस्टन गेला

आवाज वाढावा म्हणून एअर फिल्टरचा डबा काढून टाकणं हा पोरांचा आवडता उद्योग. त्यानं हवा वाढते, पेट्रोलचं आणि ऑइलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं. शिवाय पेरणी-मळणीच्या दिवसांत रस्त्यावर जी धूळ असते ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. ती पॉलिश पेपरसारखं काम करते.

फोमचा फिल्टर घरी साफ होतो. तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. मग थोडं ऑइल लावून जास्तीचं दाबून काढा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. उन्हाळ्यात आणि कच्च्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला हे काम महिन्यातून एकदा तरी हवं.

ठिणगी : प्लग वाचायला शिका

प्लग खोलून त्याचं टोक बघणं ही फुकटची तपासणी आहे. विटेसारखा तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. पांढरट, भाजल्यासारखं टोक म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काळं आणि ओलं म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. प्लगची फट साधारण 0.6 ते 0.7 मिमी असावी. ती फिलर गेजनं मोजा. प्लग आधी हातानं फिरवून बसवा, पान्यानं शेवटी घट्ट करा. अल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो.

धूर काय सांगतो

टू-स्ट्रोकला थोडा धूर असणारच. पण सुरू केल्यापासून दाट पांढरा धूर, जळक्या ऑइलचा वास आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होणं, ही तीन लक्षणं एकत्र आली तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. उलट, ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन वरच फिरत राहिलं, तर मॅग्नेटच्या बाजूचं सील किंवा कार्बोरेटरजवळचं रबर हवा खेचत असू शकतं. हे दुसरं जास्त धोक्याचं. गाडी तशीच पळवली तर पिस्टन जातो. सिलिंडर नव्यानं बोअर केलं आणि सील जुनंच ठेवलं, तर नवा पिस्टनही टिकत नाही.

इथेनॉलचं पेट्रोल आणि उभी गाडी

ऊस आपलाच, त्याचं इथेनॉलही आपल्याच कामाचं. पण आता पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल ही गाडी बनली तेव्हा नव्हतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधली सुई आणि रबरी रिंगा बदलून घ्या. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. टाकीत गंज असेल तर आधी तो काढा, नाहीतर जेट पुन्हा पुन्हा भरत राहील. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा दाब पुरतो.

सायलेन्सर बदलायच्या आधी साफ करा

गाडी ओढत नाही म्हटलं की लोक नवा सायलेन्सर घेतात. बऱ्याचदा आतल्या जाळीच्या नळीत काजळी साचलेली असते. मागचा बोल्ट काढून ती नळी बाहेर येते. खरवडून, साफ करून परत बसवली की फरक कळतो. नळी काढूनच टाकली तर आवाज वाढतो, पण ताकद वाढेलच असं नाही. दंड मात्र होतो, आणि असे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोलरखाली घालतात.

ब्रेक, चेन, टायर : इथं काटकसर नको

ब्रेकचे ड्रम उघडून शूज बघा. घासून पातळ झाले असतील, ऑइल लागलं असेल, तर साफ करून पुन्हा घालू नका, नवे घ्या. केबलचा एक धागा जरी तुटला असेल तरी केबल बदला. ओढ्यातून गाडी काढल्यावर हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवा, शूज कोरडे होतात. पावसाळ्यात काळी चिकट माती मडगार्डमध्ये भरते, ती रोज काढा. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि कार्बोरेटरवर मारू नका.

चेनला मधोमध साधारण 20 ते 30 मिमी खेळ हवा. चाक फिरवत दोन-तीन जागी बघा, सगळ्यात घट्ट जागेवर माप घ्या. चेन आणि दोन्ही चक्रं एकत्र बदलायची, नुसती चेन बदलली तर लवकर जाते. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून कापडानं चेन पुसू नका. कापड अडकलं की बोट जातं. इंजिन बंद करा, चाक हातानं फिरवा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुना, तडकलेला टायर महामार्गावर नेऊ नका.

पार्ट घेताना

गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली की ‘कंपनीचा’ म्हणून मिळणारा प्रत्येक डबा कंपनीचा असेलच असं नाही. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग होते, म्हणून ‘जपान’ असा शिक्का मारून साधा माल महाग विकला जातो. शिक्क्यापेक्षा माप बघा. जुना पार्ट सोबत न्या आणि वर्नियरनं जुळवा.

मूळ बोअर 50 मिमी आहे. पिस्टन 0.25, 0.50 अशा वाढीव मापात मिळतात. आधी पिस्टन घ्या, मग तो हातात देऊनच लेथवाल्याकडून बोअर करून घ्या. बोअर आधी केलं आणि पिस्टन मग शोधला, तर फट चुकते. नवं काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवा, एकाच वेगात ताणू नका.

घरी एवढी हत्यारं पुरतात : प्लग पाना, रिंग पान्यांचा संच, फिलर गेज, वर्नियर आणि ठोकून फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर. इंजिनाच्या कव्हरचे जुने स्क्रू साध्या ड्रायव्हरनं निघत नाहीत, डोकी झिजतात. क्रँक खोलणं, सील बसवणं, बोअर आणि रिमचा वाक काढणं ही कामं मात्र जाणत्या मिस्त्रीकडंच द्या.

कागद विसरू नका

इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. दुसरं इंजिन बसवलं तर त्याची नोंद आरटीओत लागते. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, सोबत पर्यावरण कर, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा. विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. प्रसंगी जमीन विकायची वेळ येते.

ज्यांच्याकडं ठरावीकच पैसे आहेत त्यांनी क्रम असा धरावा : ब्रेक आणि टायर, मग सील आणि ऑइलचं काम, मग कार्बोरेटर आणि फिल्टर, मग कागद. रंग शेवटी. रंग नसला तरी गाडी चालते. ब्रेक नसला तर घाटात रंगाचा उपयोग होत नाही.