प्रवाळ-मत्स्यालय : आधी पाणी मुरवा, मग मासे सोडा

ताजे शेण पिकाच्या बुडाशी घातले तर पीक जळते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. प्रवाळभित्तीवरील माशांचे मोठे मत्स्यालय प्रथमच उभारणाऱ्याचा घात बहुधा अशाच घाईने होतो. टाकी भरताच मासे सोडले जातात आणि थोड्याच दिवसांत ते मरू लागतात.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. जमिनीतही हेच कार्य चालते. पहिली दोन द्रव्ये माशांस घातक असतात. तिसरे पुष्कळ सौम्य असते. हे जिवाणू सच्छिद्र खडकावर पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकीत केवळ चिमूटभर खाद्य टाकीत राहावे व पाणी खेळते ठेवावे. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच प्रथम एक-दोन मासे सोडावेत.

५०० लिटर पाण्याचे वजन ५०० किलोहून अधिक भरते. म्हणून बैठक भक्कम असावी. दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेसतरा किलो समुद्री क्षारमिश्रण लागते. खाण्याचे मीठ चालत नाही. पाणी आटते, क्षार आटत नाहीत; म्हणून तूट गोड्या पाण्याने भरून काढावी.

समुद्रातून प्रवाळ तोडून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे. खडक कृत्रिम घ्यावा आणि मासे संवर्धन केंद्रात पैदास केलेले घ्यावेत. क्लाऊन मासा त्या दृष्टीने नवशिक्यास सोयीचा आहे.